मांजरपाटाचे पडदे : चौदा महिन्यांनंतर

तीस मीटर मांजरपाट. पन्हा (कापडाची रुंदी) ४८ इंच, सूत २० काउंटचं, भाव ५८ रुपये मीटर, बिल १,७४० रुपये. गेल्या वर्षी मार्चमध्ये रविवार पेठेतून आणलं आणि आमच्या धायरीच्या भाड्याच्या घरातल्या तीन खिडक्या आणि गॅलरीचं दार त्यात झाकलं. एक उन्हाळा, एक पावसाळा, दिवाळीची साफसफाई आणि आता परत उन्हाळा. एवढं सगळं त्या कापडानं सोसलंय, त्यामुळे आता त्याच्याबद्दल खात्रीनं लिहिता येईल.

आमचं घर चौथ्या मजल्यावर, हॉल सिंहगडाच्या बाजूला तोंड करून. दुपारी तीनला ऊन आत शिरतं ते साडेसहापर्यंत सोफ्यावरून उठत नाही. राहायला आल्यावर पहिले आठ दिवस आम्ही जुन्या चादरी दांडीवर टाकून काढले. मग एका पडद्याच्या दुकानातला माणूस येऊन मापं घेऊन गेला आणि संध्याकाळी फोनवर आकडा आला: १४,८०० रुपये, शिलाईसकट, कापड पॉलिस्टर. अकरा महिन्यांचा करार असलेल्या घरात, जिथल्या खिडक्यांची मापं पुढच्या घरात लागू पडतीलच असं नाही, तिथे एवढे पैसे टांगून ठेवायला माझा हात धजेना.

मांजरपाटाचा विचार मला सुचला याला कारण आहे. मी इचलकरंजीची. तिथल्या शाळेत आम्हाला दरवर्षी सांगायचे की १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला. आमच्या घरात मात्र तो इतिहास रोज संध्याकाळी दारातून आत यायचा. आण्णा सायझिंगला होते, आई कांडी मशीनवर, म्हणजे कांड्यांवर सूत भरायला. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे घासून तुटू नयेत म्हणून त्यांना आधी खळ चढवतात, त्याला सायझिंग म्हणतात. आण्णांच्या शर्टाला त्या खळीचा वास असायचा, आंबूस, शिजलेल्या पिठासारखा. आमच्या आजीच्या तोंडी या कापडाचं नाव ‘मादरपाट’ होतं. पिशवी त्याची, गोधडीचं अस्तर त्याचं, आजोबांची बंडी त्याची. पडदे मात्र कुणी केलेले पाहिले नव्हते.

ज्यांना हे कापड माहीत नाही त्यांच्यासाठी: मांजरपाट म्हणजे मागावरून उतरलेलं साधं, एकाआड एक विणीचं सुती कापड. ब्लीच नाही, रंग नाही, छपाई नाही. रंग साय धरलेल्या दुधासारखा, आणि त्यात मधे मधे तपकिरी-काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे घाण नव्हे, सरकीचे बारीक कण असतात. कापड उजेडात धरलं की एखादा जाड धागा, एखादी गाठ दिसते. मला ते आवडतं. ज्यांना कापड एकसारखं, गुळगुळीत लागतं त्यांनी केसमेंट नावाचं कापड घ्यावं. त्याच दुकानात ते ११० रुपये मीटर होतं आणि पडद्याला चांगलंच आहे.

दुकानात गेलात की ‘मांजरपाट द्या’ एवढंच म्हणून थांबू नका. काउंट विचारा आणि पन्हा विचारा. काउंटचा आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. ४० काउंटचं कापड हातात छान लागतं, पण खिडकीवर लावलं की पलीकडच्या बिल्डिंगमधला माणूस ओळखता येतो. पडद्याला २० काउंट बरं. पन्ह्याचं तर फारच महत्त्व आहे. ३६ इंची पन्हा दहा रुपयांनी स्वस्त मिळत होता, पण त्यात जोड वाढतात, आणि जोड वाढले की शिलाई वाढते, दोरा वाढतो, शिवाय पडद्यावर उभ्या रेघा दिसतात. दुकानदार काकांनी तागा उलगडला, गजानं मोजलं, कडेला कात्रीनं बोटभर चीर दिली आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं. तो आवाज मला फार वर्षांनी ऐकायला मिळाला. असं फाडलेलं कापड धाग्यात सरळ येतं, कात्रीनं कापलेलं येईलच असं नाही. त्यामुळे कापून देतो म्हणाले तर फाडूनच मागा. तीस मीटरचं गाठोडं साडेपाच किलोच्या आसपास भरलं. बसनं आणलं, मांडीवर घेऊन.

घरी गाठोडं सोडलं आणि सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना म्हणाल्या, “अगं, हे कोरं कापड कशाला वापरतात ते तुला ठाऊक आहे ना? ते दारा-खिडकीला टांगायचं?”

मला ठाऊक होतं. माणूस गेल्यावर जे कापड आणायला धावतात ते हेच. आमच्याकडे आण्णा गेले तेव्हा चुलतभाऊ तेच घेऊन आला होता. सासूबाईंचं मन मोडून पडदे लावण्यात मला काही अर्थ वाटला नाही, आणि कापड परत करायचंही मनात नव्हतं. मी त्यांना म्हटलं, “आई, कोरं नाही ठेवणार. तुम्ही सांगाल तो काठ लावू.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंकेतून त्यांची जुनी इरकली नऊवारी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. अंगात ती जागोजागी विरली होती, पण दोन्ही काठ शाबूत होते. लाल, गोमी काठाची. तीच पुढे या पडद्यांची शोभा झाली. घरी येणारे सगळे आधी काठालाच हात लावून बघतात.

आता या परीक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. कापड भिजवणे.

आण्णा म्हणायचे, कापडाला आधी पाणी दाखव, मग कात्री. हे मला तोंडपाठ होतं, आणि तरी मुलीच्या खोलीचा पडदा मी न भिजवता शिवला. त्या रविवारी पाहुणे येणार होते, खोलीत थेट समोरच्या गॅलरीतून दिसायचं, आणि मला घाई होती. पडदा सुंदर बसला. जूनमध्ये पहिल्यांदा धुतला आणि खिडकीच्या कट्ट्याच्या खाली सहा इंच उतरणारा पडदा दोनच इंच उतरायला लागला. साठ इंचांतले चार इंच गेले. खालची दुमड उसवून पुरवला. ऑगस्टमध्ये त्याच दुमडीवर काळे ठिपके धरायला लागले. सरकीचे नव्हेत, बुरशीचे. पुण्यातल्या त्या आठवड्याच्या पावसात काहीच धड वाळत नव्हतं हे खरं, पण बाकीच्या पडद्यांवर एकही ठिपका नव्हता.

मुलगी त्या वर्षी सहावीत होती. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकून पिष्ट ओळखण्याचा प्रयोग नुकताच झाला होता. तीच म्हणाली, “आई, इथे टाकून बघू का?” औषधाच्या डब्यातलं टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ केलं आणि दुमडीच्या आतल्या बाजूला एक थेंब सोडला. बघता बघता थेंबाभोवती निळं-काळं वर्तुळ झालं. हॉलच्या पडद्याच्या टोकाला टाकला तर नुसता पिवळट डाग. म्हणजे मुलीच्या पडद्यात खळ तशीच होती, एका धुण्यानं गेली नव्हती, आणि जाड दुमडीत तर पाणी नीट पोचलंच नव्हतं. खळ म्हणजे पिठूळ पदार्थ. दमट हवेत बुरशीला आयतं जेवण. तो पडदा मी पूर्ण उसवला, सोड्याच्या पाण्यात घातला आणि परत शिवला. डाग पुसट झाले, गेले नाहीत. आजही आहेत.

त्या खोलीच्या एका पडद्याखेरीज बाकी सगळं कापड मी नीट भिजवलं होतं. ते कसं, ते सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. तीस मीटर एकदम भिजवायला जाऊ नका, त्याचा दोरखंड होतो आणि घड्या इस्त्रीलाही दाद देत नाहीत. आधी पडद्याच्या लांबीचे तुकडे फाडून घ्या. चार-चार तुकडे मोठ्या टबात, कढत पाणी, त्यात दोन मुठी धुण्याचा सोडा. सुरुवातीला कापड पाण्यावर तरंगतं. कापसाच्या तंतूवर मुळातच मेणासारखा थर असतो, तो पाणी आत घेत नाही. लाकडी रवीनं दाबत दाबत बुडवलं. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पाणी फिक्या चहासारखं झालं होतं आणि बाथरूमभर तोच वास, आंबूस, शिजलेल्या पिठाचा. मी त्या टबाशेजारी पाटावर बराच वेळ बसून राहिले.

ते पाणी ओतून दुसरं घेतलं, मग तिसरं. तिसऱ्या पाण्याला पाणी नितळ राहिलं तेव्हा कापड पिळलं, गच्चीवर नेऊन वाळत घातलं. एप्रिलच्या उन्हात तासाभरात वाळलं. वाळल्यावर एका तुकड्याचं माप घेतलं. मीटरभर लांबीचे ९३ सेंटिमीटर राहिले होते, रुंदीत फरक कमी, मीटरला तीनेक सेंटिमीटर. उभ्या ताण्याला मागावर जास्त ओढ असते, म्हणून पाणी लागलं की तोच जास्त आखडतो. तुमचं कापड थोडं वेगळं वागेल. मीटरभर तुकडा आधी भिजवून बघा आणि तोच हिशेब बाकीच्याला धरा.

हॉलच्या खिडकीचा हिशेब सांगते, म्हणजे अंदाज येईल. खिडकी सहा फूट रुंद, साडेचार फूट उंच. चुण्या चांगल्या पडायला कापड दुप्पट रुंद लागतं, म्हणजे १४४ इंच. माझे तीन पन्हे धुतल्यावर १३८-१४० इंच भरले. चालतं. प्रत्येक बाजूला दीड पन्हा. उंचीत दांडी खिडकीच्या सहा इंच वर, पडदा सहा इंच खाली, म्हणजे तयार लांबी ६६ इंच. वर दांडी ओवायच्या नळीला ४ इंच, खालच्या दुमडीला ५. झाले ७५. आणि आटण्यासाठी वाढवून प्रत्येक तुकडा ८१ इंचांचा फाडला. ही शेवटची वाढ लोक विसरतात. चुण्यांमध्ये मात्र काटकसर करू नका. स्वस्त कापड दीडपट घेतलं तर ते स्वस्तच दिसतं, दुप्पट घेतलं की त्याला वजन येतं.

शिवायला अवघड काही नाही. सगळ्या रेघा सरळ. माझ्याकडे आईचं पायाचं मशीन आहे, त्याला १६ नंबरची सुई लावली, टाका जरा मोठा ठेवला. कापड किंचित ओलं असतानाच इस्त्री केली. पूर्ण वाळलेल्या मांजरपाटावर इस्त्री फिरवून हात दुखतात, घडी तशीच. वर रिंगा लावल्या नाहीत. रिंगा, त्यांच्या मागचं कडक अस्तर आणि त्या ठोकायची मजुरी यांतच कापडाइतके पैसे गेले असते. नळी केली: इंचभर जाड दांडीला सव्वादोन इंचांची नळी, वर एक इंच झालर, पाऊण इंच आत दुमडून. नळीचा एक तोटा आहे, पडदा सर्रकन सरकत नाही, हातानं ओढावा लागतो. दांडीला मेणबत्ती घासली की बरंच सुसह्य होतं. गॅलरीच्या दाराला मात्र, जिथे दिवसातून वीस वेळा ये-जा आहे, रिंगाच हव्या होत्या असं आता वाटतं. मोकळे पैसे आले की तेवढ्या लावून घेणार आहे.

खालची दुमड मी मुद्दाम चार इंचांची ठेवली. चौथ्या मजल्यावर वारा जोरात असतो आणि खालचं वजन पडद्याला जागेवर ठेवतं. त्या दुमडीवरून इरकलीचा काठ. एका नऊवारीच्या दोन काठांत हॉल, गॅलरी आणि दोन्ही खोल्या पुरल्या. लावण्याआधी काठ वेगळा तीनदा धुतला, कारण लाल रंग पहिल्या पाण्यात उतरला होता आणि तो साध्या कापडावर चढला असता तर सगळं वाया गेलं असतं. काठाला मी मशीन लावलं नाही. दोन्ही कडांना हातानं बारीक तुरपाई घातली, म्हणजे पुढे पडदे गेले तरी काठ उसवून घेता येईल. संध्याकाळी मी एका टोकाला बसायचे, सासूबाई दुसऱ्या टोकाला. त्यांचा टाका माझ्यापेक्षा लहान आणि सारखा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुईत दोरा ओवायला मुलगी लागते, एवढंच.

आता कापड म्हणून खरं काय वाटतं ते.

हॉलमध्ये मी समाधानी आहे. दुपारचं ऊन त्यातून गाळून येतं, टीव्हीवर चकाकी पडत नाही, आणि खोली अंधारी होत नाही. उकाडा कमी होईल असं मात्र समजू नका. काच तापायची ती तापतेच, पडदा फक्त उन्हाची तिरीप थांबवतो. निजायच्या खोल्यांत एक पदर पुरत नाही. आतला दिवा लागला की बाहेरून सावल्या दिसतात. म्हणून तिथे मी सुरुवातीपासून दुहेरी कापड घेतलं, एकाच नळीत दोन पदर. त्यानं आडोसा झाला, पण पहाटेचा उजेड तरीही येतो. ज्यांना रात्रपाळी करून दिवसा झोपायचं आहे त्यांच्यासाठी हे कापड नाही. दुहेरी पडदे धुतल्यावर वाळायला मात्र फार वेळ घेतात. पावसाळ्यात ते धुवूच नयेत.

सुरकुत्या पडतात. मांजरपाट आहे, पडणारच. पिळून न काढता ओलेच दांडीवर चढवले तर स्वतःच्या वजनानं बऱ्यापैकी सरळ होतात, आणि मी आता तेच करते. खाली दोन जुने टॉवेल टाकायचे. सहा वेळा धुऊन झाले, आता आटत नाहीत. रंग उजळलाय. सायीचा पिवळेपणा जाऊन गॅलरीचा पडदा जवळजवळ पांढरा झाला, बेडरूममधले अजून मूळ रंगाच्या जवळ आहेत. उन्हाचा आणि पाण्याचा परिणाम. कापड मऊ तर इतकं झालंय की पहिल्या दिवशीचं खडबडीत कापड हेच यावर विश्वास बसत नाही. दोन ठिकाणी जाड गाठीपाशी धागा सुटला, तिथे रफू केलं. पॉलिस्टरच्या पडद्याला धुळीचा जो चिकट थर बसतो तो याला बसत नाही, झटकलं की बरीच धूळ जाते. स्वयंपाकघरात मी लावलेलं नाही आणि तुम्हीही गॅसजवळ लावू नका, सुती कापड पटकन पेटतं.

एकूण खर्च: कापड १,७४०, दोऱ्याची रिळं ९०, सुया २०, सोडा ३०. दांड्या घरमालकाच्याच होत्या. म्हणजे १,८८० रुपयांत चार पडदे. शेजारच्या शिंप्यानं पन्ह्याला १२० रुपये सांगितले होते. मशीन नसेल तर तो खर्च धरूनही त्या दुकानाच्या आकड्याच्या निम्म्याच्या खूप खाली राहाल. वेळ मात्र भरपूर जातो. एप्रिलची जवळजवळ सगळी सुट्टी माझी यात गेली. ज्या घरात कुणालाच तेवढी सवड नाही तिथे हा घाट घालू नये, अर्धवट भिजवलेलं मांजरपाट वाईट दिसतं आणि लवकर खराब होतं.

तीस मीटरांतलं पाऊण मीटर उरलं होतं. मी ते मशीनच्या खणात ठेवून विसरले होते. या पाडव्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी ते शोधून काढलं, उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवलं आणि त्यात दोन लिटर दुधाचं दही बांधून नळाला टांगलं. सकाळपर्यंत चक्का घट्ट उतरला होता. “आपल्या पडद्याचं आहे,” त्या मुलीला सांगत होत्या, “तीन पाण्यांतून काढलेलं. हे धुऊन माझ्या कपाटात ठेव.”